दाराच्या आतली मूठ

पेंटर आणि त्याची ताई यांची शेड एकच होती, कामं मात्र एकमेकांच्या मुळावर उठलेली. पुढच्या अर्ध्या भागात तो गाड्यांना रंग लावायचा. मागच्या अर्ध्या भागात ती गाड्यांच्या प्लॅस्टिकवरचा नको असलेला रंग काढायची. बंपर, आरशांची कवचं, दिव्यांच्या कडा, दारांची आतली पॅनेलं, असं काय काय तिच्याकडे यायचं. दुपारी दोघं मधल्या बाकावर बसून एकाच डब्यातलं जेवत. "तू लाव, ती काढेल, घरातल्या घरात धंदा," असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक म्हणायचं आणि हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसायचं. पेंटरही त्याच्याबरोबर हसायचा. ताई हसायची नाही, कारण ती तेव्हा बहुतेक हातमोजे घालत असायची, आणि तिचं हातमोजे घालणं हा एक सोहळाच असायचा.

सगळा रस्ता तिला डागताई म्हणायचा. शेडमध्ये येण्याआधी तिची उमेदीची वर्षं एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात गेली होती. तिथे एक रीत होती. कुठलंही औषध डागावर घालण्याआधी ते कपड्याच्या आतल्या शिवणीवर लावून बघायचं, जिथे कोणाची नजर जात नाही. कापड खराब झालंच तर ते शिवणीत झाकून जातं. ही रीत तिच्या अंगात इतकी भिनली होती की घरात नवा साबण आला तरी ती आधी मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघायची. पेंटरच्या मते तिने लग्नासाठी आलेली स्थळंही अशीच आतून तपासली आणि म्हणून एकही टिकलं नाही. हे तो तिच्या तोंडावर म्हणायचा. ताई म्हणायची, बरोबर आहे, एकाचाही रंग पक्का नव्हता.

त्याच लाँड्रीत तिचं नाक गेलं. खोलीला खिडकी नावाची गोष्ट नव्हती. ती आणि तिची जोडीदारीण बंद दाराआड औषधांच्या वाफा घेत दिवसभर उभ्या असायच्या. एक दिवस जोडीदारीण बोलता बोलता भिंतीला टेकली आणि खाली घसरली. ती वाचली, पण पुढे तिला जिना चढताना नेहमीच धाप लागायची. ताईला तेव्हापासून कशाचाच वास येईनासा झाला. फुलांचा नाही, उतू गेलेल्या दुधाचा नाही, थिनरचा तर नाहीच. इतरांना त्यांचं नाक सावध करतं. तिला सावध करायला कोणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःला नियम घालून घेतले. बाटलीचं झाकण उघडण्याआधी मागचं दार सताड उघडायचं. पंखा असा ठेवायचा की वारा बाहेर जाईल. हातमोजे आणि चष्मा चढवल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, आणि आसपास विडी, शेगडी, वेल्डिंग यातलं काही चालू द्यायचं नाही. भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकायचा नाही, बाहेर तारेवर एकेक सुटी वाळत घालायची. आणि कशाचीही घाई करायची नाही. 'लवकर' हा शब्द तिच्या तोंडून रस्त्यावरच्या एकाही माणसाने ऐकलेला नव्हता.

पेंटरचा स्वभाव याच्या अगदी उलट. हात सोन्याचा, पण बूड स्थिर नाही. रंगाचा शेवटचा हात मारताना तो श्वास रोखून उभा राहायचा आणि गाडी आरशासारखी करून सोडायचा. त्याआधीचं घासणं, पुसणं, चिकटपट्ट्या लावणं हे मात्र त्याला शिक्षा वाटायची. ताई शेडमध्ये आली तीही त्याच्या अशाच एका घाईमुळे. एका गाडीच्या आरशाच्या काळ्या कवचावर पांढऱ्या रंगाची धूळ उडाली होती. मालक यायच्या आत पुसून टाकू म्हणून त्याने थिनरचा फडका फिरवला, तर प्लॅस्टिक गुळासारखं चिकट झालं आणि फडक्याचे धागे त्यात रुतून बसले. ताई तेव्हा त्याचा डबा घेऊन आली होती. तिने आरसा हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, आतल्या बाजूला लावून बघितलं होतंस का? त्या दिवसापासून मागची बाजू तिची झाली.

एका सकाळी शेडच्या दारात एक जुनी छोटी गाडी येऊन थांबली आणि पेंटर आनंदाने पुढे झाला. गाडी त्याच्या ओळखीची होती. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची. महिन्याभरापूर्वी काकांनी काकूंच्या बाजूचं दाराचं आतलं पॅनेल रंगवून घेतलं होतं. पांढरट पडलेलं, ओरखडे उठलेलं ते जुनं करडं प्लॅस्टिक पेंटरने असं काही सायीच्या रंगाचं करून दिलं होतं की चिनीमातीच्या बशीने लाजावं. स्वतःचं ते काम बघायला तो दोन वेळा मुद्दाम काकांच्या दुकानावरून चालत गेला होता. त्याला वाटलं, काका आता दुसरं दारही रंगवायला आले.

काका म्हणाले, रंग काढायचा आहे.

पेंटरचं तोंड उतरलं. काकांनी त्याचा हात धरला आणि काम फार सुंदर झालंय, दोष तुझा नाही, असं अगदी कळवळून सांगितलं. मग ते ताईकडे वळून बोलायला लागले. काकूंची दृष्टी अलीकडे जवळजवळ गेली होती आणि आठवणही अधूनमधून दगा द्यायची. पायांत जोर नव्हता, त्यामुळे घराबाहेरचं त्यांचं जग म्हणजे ही गाडी. दर रविवारी काका त्यांना तळ्याकाठी घेऊन जात. काकू गाडीतून उतरत नसत. काच खाली करून पाण्याचा आवाज ऐकत बसत. गाडीत बसताना त्या हाताने दाराची आतली मूठ चाचपत. त्या मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे बोटं वळतात, तिथे एक खाच होती. इतकी वर्षं दार ओढून ओढून काकूंच्या अंगठीने पाडलेली. बोट त्या खाचेत बसलं की त्या दार लावून घेत आणि म्हणत, "अहो, चला ना, उशीर झालाय." कुठेही जायचं नसलं तरी हेच म्हणत.

रंग दिल्यावर पहिल्याच रविवारी काकूंनी मूठ चाचपली आणि हात मागे घेतला. ही गाडी आपली नाही, म्हणाल्या. काकांनी समजावलं, शपथा घातल्या, मागच्या सीटवर बसवायचा प्रयत्न केला. काकू नवऱ्याला आवाजावरून ओळखत होत्या, पण गाडी आपलीच आहे हे त्यांना पटेना. लोकांच्या गाडीत कशाला बसायचं, असं त्या हळू आवाजात, भिडस्तपणे म्हणत राहिल्या. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या.

"मी तिला खूश करायला गेलो हो," काका म्हणाले. "तिला दिसत नाही, पण कोणी सांगेल ना तिला, गाडी किती छान झाली म्हणून."

पेंटरने पॅनेल सोडवून आणलं. ताईने ते बाकावर उलटं ठेवलं, पाठीवरची प्लॅस्टिकची जात सांगणारी बारीक उठावदार अक्षरं चष्म्यातून वाचली, मुठीच्या मागे बोट फिरवलं आणि भावाकडे बघितलं. रंग काढणं अवघड नाही, तिने सांगितलं. पण रंग देण्याआधी पॉलिश पेपरने घासताना जे गेलं, ते परत आणता येत नाही. खाच फिलर भरून बुजवली असेल आणि घासून सपाट केली असेल, तर रंगाखाली सपाटीच निघेल. मग तिने विचारलं, "मुठीच्या आत घासलं होतंस का?"

पेंटरच्या कारागिरीचा प्रश्न आला आणि तोही गिऱ्हाइकासमोर. "म्हणजे काय," तो म्हणाला. "कानाकोपरा घासलाय. फिलर भरलाय, पुन्हा घासलाय. अर्धवट काम आपल्याकडे होत नाही."

ताईने पॅनेल बाजूला सारलं आणि हातमोजे काढले. ती काकांसमोर स्टूल ओढून बसली. तिने त्यांना सरळ सांगितलं की मग तिच्या हाताने काही होणार नाही, उगाच आशा लावून त्यांना फेऱ्या मारायला लावणं तिला जमणार नाही. काकांनी मान हलवली. ते उठले, खिशातून स्वतःचा बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पॅनेल उचलून ते परत बसवायला गाडीकडे निघाले. घड्याळाच्या कामाचा तो नाजूक ड्रायव्हर गाडीच्या स्क्रूला पुरत नव्हता. तो पुन्हा पुन्हा घसरत होता आणि काका पुन्हा पुन्हा लावत होते.

पेंटर ते बघत उभा राहिला. स्वतःची लाज आणि काकांचा तो घसरणारा ड्रायव्हर यांच्यामध्ये तो अगदी पिळून निघाला. शेवटी त्याने घसा खाकरला.

"आत नाही घासलं," तो म्हणाला.

ताईने मान वर केली. "कुठे नाही?"

"मुठीच्या मागे. तिथे कागद पोचत नव्हता." तो थांबला. "म्हणजे पोचत होता. मला कंटाळा आला होता. तिथे कोण बघायला जातंय, म्हणून नुसता रंग मारला. फिलर पण नाही भरला."

ताई इतकं मोकळं हसली की बाहेर तारेवर बसलेले कावळे उडाले. आयुष्यभर तुझ्या आळसाच्या नावाने मी बोटं मोडली, ती म्हणाली, आज तोच उपयोगी पडला. नीट काम करणारा कोणी पेंटर असता तर काकूंची खाच कायमची गेली असती. काका गाडीजवळच उभे होते. त्यांनी ड्रायव्हर खिशात ठेवला आणि डोळे पुसले, आणि पेंटरला वाटलं की आपण केलेल्या कुठल्याही चकचकीत कामापेक्षा हा आपला चुकारपणाच मोठा ठरला. त्याला त्यात आनंद मानावा की तोंड लपवावं हे कळेना.

पुढचे दिवस पेंटरच्या सहनशक्तीची परीक्षा घेणारे होते. ताईने पॅनेल कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं. पाठीमागच्या कडेवर रंगाची थोडी धूळ उडालेली होती, तिथे तिने प्लॅस्टिकसाठीच मिळणाऱ्या रंग काढायच्या जेलचा एक थेंब लावला, थोड्या वेळाने धुऊन काढला आणि पॅनेल ठेवून दिलं. आता काय, पेंटरने विचारलं. आता उद्या, ती म्हणाली. प्लॅस्टिकचा राग लगेच दिसत नाही, कधीकधी रात्र उलटल्यावर पांढरं पडतं किंवा चिरा दिसतात. पेंटरने सुचवलं की गरम हवेची बंदूक मारू, रंग पापडासारखा उठेल. रंगाबरोबर मूठही वाकडी होईल, तिने उत्तर दिलं. त्याने थिनरचं नाव काढलं नाही. तेवढी अक्कल त्याला आली होती.

दुसऱ्या दिवशी कड होती तशीच होती, चिकट नाही, पांढरी नाही. मग ताईने मागचं दार उघडलं, पंखा लावला, हातमोजे चढवले आणि मऊ ब्रशने जेलचा जाड थर दिला. वाळू नये म्हणून वर पातळ प्लॅस्टिकचा कागद लपेटला आणि ती बाहेर येऊन बसली. कागदाखाली पेंटरचा सायीचा रंग हळूहळू सुरकुतायला लागला. स्वतःचं इतकं देखणं काम डोळ्यांदेखत म्हाताऱ्या कातडीसारखं होताना बघणं सोपं नसतं. तो दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. ताईने त्याच्याकडे न बघताच सांगितलं की रंग खरंच सुंदर होता. त्याला ते ऐकून रडू यायचंच बाकी राहिलं, कारण तिने त्याच्या रंगाला याआधी कधी सुंदर म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दर्शनी बाजूचा रंग सुटायला तयार नव्हता, कारण ती बाजू त्याने इमानदारीने घासली होती; तिथे जेल पुन्हा पुन्हा लावावं लागलं. मुठीच्या मागचा मात्र सहज सुटला. न घासलेल्या जागी रंग नुसता वर बसलेला होता. ताईने बांबूच्या चपट्या काडीने तो कडेकडेने उचलला, लोखंडाची पट्टी जवळ येऊ दिली नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने साबण लावून खाच धुतली, पुन्हा धुतली आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहिली. प्लॅस्टिकच्या खरखरीत पोतातल्या बारीक दाण्यांत कुठे कुठे सायीचे ठिपके उरले होते. पेंटर म्हणाला, एवढंही काढून टाक, डोळ्यांत खुपतंय.

"काकूंच्या डोळ्यांत नाही खुपणार," ताई म्हणाली. "आणखी घासलं तर दाणा जाईल. बोटाला लागतं तेवढं साफ झालंय. आता थांबायचं."

तिने त्याला हात धुऊन यायला सांगितलं आणि त्याचं बोट धरून खाचेत ठेवलं. खाच अरुंद होती, कडा गुळगुळीत, एका बाजूला किंचित खोल. कोणाचीतरी सगळी ये-जा तिथे साठली होती. पेंटरने आयुष्यात शेकडो पॅनेलं हाताळली, पण एकाही पॅनेलला आतून असा हात लावला नव्हता.

खरी अडचण पुढेच होती आणि ती ताईलाच सुचली. काकूंना दिसत नाही, मग त्या नाकावर जास्त भरवसा ठेवणार. गाडीत औषधाचा वास राहिला तर त्या पुन्हा म्हणतील की ही गाडी आपली नाही. आणि दुसऱ्यांदा हात मागे घेतला तर तिसऱ्यांदा त्या हात पुढे करणारच नाहीत. पॅनेल वाऱ्यावर टांगून ठेवता येईल, पण वास गेला की नाही हे ताईला कळणार नव्हतं. ते सांगायला शेडमध्ये एकच नाक होतं, आणि त्या नाकाच्या मालकाने नुकतीच 'कानाकोपरा घासलाय' अशी ग्वाही दिली होती.

ताईने याचा उल्लेखसुद्धा केला नाही. रोज संध्याकाळी ती पॅनेल त्याच्यापुढे धरायची आणि विचारायची, येतो का? तो डोळे मिटून वास घ्यायचा आणि सांगायचा, येतो. ती मान हलवून ते पुन्हा टांगायची. रविवारी सकाळी काका स्वच्छ शर्ट घालून आले. काकूही तयार होऊन घरात बसल्या होत्या. पेंटरने पॅनेल नाकाशी नेलं. वास जवळजवळ गेला होता. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. मुठीच्या अगदी आत, खाचेपाशी, अजून एक बारीकशी तिखट रेघ होती. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते. ताई त्याच्याकडे बघत नव्हती, ती तारेवरच्या चिंध्या गोळा करत होती.

"काका, अजून येतोय," पेंटर म्हणाला. "पुढच्या रविवारी."

काका परत गेले. ताईने चिंध्या घडी केल्या आणि दुपारी डब्यातला मोठा वाटा भावाच्या पुढे सरकवला.

पुढच्या रविवारी वास गेला होता. पेंटरने आधी सकाळी उपाशीपोटी बघितलं, मग तोंड धुऊन बघितलं, मग समोरच्या पंक्चरवाल्याला बोलावून त्याच्याकडूनही खात्री करून घेतली. मग त्याने स्वतः पॅनेल गाडीला बसवलं, एकेक स्क्रू हाताने आवळला आणि गाडी चालवत काकांच्या घरापाशी नेली. ताई शेजारी बसली होती.

काका काकूंना हाताला धरून पायरी उतरवून घेऊन आले. काकू अगदी लहानखुऱ्या होत्या आणि त्यांनी केस नीट विंचरले होते. दार उघडलं. काकूंनी हात पुढे केला आणि तो आधी पॅनेलच्या दर्शनी भागावर पडला, जिथे पेंटरने इमानदारीने घासलं होतं. तिथला दाणा गेलेला होता. काकूंचा हात थबकला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "अहो, कोणाची गाडी ही?"

पुढे होऊन काकूंचा हात धरून मुठीवर ठेवावा असं पेंटरला वाटलं आणि त्याने पाऊलही उचललं, पण ताईने त्याची बाही धरून ठेवली. काकूंचा हात तसाच अधांतरी होता. मग म्हाताऱ्या माणसाला तोल सांभाळायला काहीतरी धरावं लागतं म्हणून असेल, त्यांनी मूठ पकडली. बोटं मागे वळली. अंगठीचं बोट थोडं इकडे झालं, थोडं तिकडे झालं आणि एका जागी स्थिरावलं.

काकू तशाच उभ्या राहिल्या. मग त्या सवयीने वळल्या, सीटवर बसल्या, पाय एकेक करून आत घेतले आणि दार ओढून लावून घेतलं. काच खाली होती.

"अहो, चला ना," आतून आवाज आला. "उशीर झालाय."

काका गाडीला वळसा घालून पलीकडे धावले आणि खिसे चाचपायला लागले. किल्ली पेंटरच्या हातात होती आणि तो ती हातात धरूनच काकूंच्या बोटांकडे बघत उभा होता. ताईने त्याला कोपराने ढोसलं.

"किल्ली दे ना त्यांना," ती म्हणाली. "लवकर."